४,७७० रुपयांची काच

आधीच सांगतो, मी नवखा नाही. सात वर्षं कॅमेरा हाताळतोय. तरी गंडलो, आणि तेही ज्यातलं कळतं त्यातच.

मसाई पठारावर सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात. नखाएवढं फूल, साध्या लेन्सनं नुसता जांभळा ठिपका येतो. अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सची किंमत घरात उच्चारायची सोय नाही. लेन्सवर चढवायच्या क्लोजअप फिल्टरचा ८९० रुपयांचा चारचा सेट होता, पण एका काचेची ती भिंगं मधोमध बरी, कडेला सगळं विस्कटलेलं आणि पाकळ्यांना रंगीत किनार. म्हणून दोन काचा चिकटवलेलं +८ चं (आकडा जितका मोठा, तितकं जवळून दिसतं) सेकंडहँड भिंग शोधत होतो. ऑनलाइन जाहिरात टाकलेल्या एकानं ४,६५० सांगितले, कुरिअरचे १२० वेगळे. "दादा, मी पण गडहिंग्लजचाच. गाववाल्याला फसवीन व्हय?" विरघळलो.

तरी म्हटलं, ट्यूबखाली धरून फोटो पाठव. काचा दोन असतील तर ट्यूबची प्रतिबिंबं तीन दिसतात, तिसरं अगदी पुसट. एका काचेत दोनच. फोटो आला. दोनच होती. मी मोजली! आणि स्वतःलाच समजावलं की पुसट आहे ते, मोबाइलमध्ये उमटलं नसेल. त्यात भिंगाच्या कडेवरचं नाव नेमकं त्याच्या अंगठ्याखाली. प्रश्न माझा, उत्तर समोर, आणि वकिली मी केली त्याची. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुठल्यातरी मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं नाव आलं, तेही गिळलं. सौदा हातचा जाईल ही घाई. तुम्हीही तेच केलं असतं. नसतं केलं, तर उत्तम.

पार्सल आलं. कडेवरची अक्षरं घासलेली. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून पट्टी लावली. +८ ला साडेबारा सेंटीमीटरवर फूल स्पष्ट दिसायला हवं, इथं दहावर. म्हणजे +१०, माझ्या ८९० च्या सेटमध्ये आहे तसंच एका काचेचं.

तो "बदलून देतो" म्हणत राहिला आणि मी चार दिवस वाट बघितली. तुम्ही बघू नका, त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता.

ठाण्यात पहिला प्रश्न, "चष्म्याचं भिंग काय?" दुसरा, "वस्तू मिळाली न्हवं? मग फसवणूक कशी?" अर्ज लिहून नेला, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ग्राहक मंचात जा. तिथं कळलं, विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे, पोलिसांत जा. दोन अर्ध्या रजा, झेरॉक्सचे ६४ रुपये, आणि शेवटी एक हवालदार मायेनं म्हणाला, "पावण्या, एवढ्याशा काचेला साडेचार हजार कोण देतं?" पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. तुम्ही पहिल्याच दिवशी मागा.

व्हिडिओ कॉलवर ट्यूबखाली भिंग फिरवून दाखवत नाही, त्याला पैसे नाहीत. मग तो गडहिंग्लजचा असो की शेजारच्या गल्लीतला.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, अंगठाही तोच. आता तो सांगलीचा आहे.