पार्ल्यातली कागदी हिमकणांची कार्यशाळा: गणित झकास, विज्ञान घाईत

नातीला घेऊन गेले होते. आठ ते बारा वर्षांची मुलं, रविवारची सकाळ, दोन तास, शुल्क ६०० रुपये. मुंबईच्या पोरांना बर्फ माहीत तो गोळ्याचा, नाहीतर फ्रीजरमध्ये साठलेला. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष कात्रीकडेच.

नाताळच्या सजावटीत आठ टोकांचे हिमकण सर्रास दिसतात, कारण कागद अर्ध्यातून अर्ध्यात दुमडत जाणं सोपं. खरा हिमकण मात्र सहाचा: पाणी गोठताना त्याचे रेणू षट्कोनी जाळीत बसतात. इथल्या ताई सहावर अडून बसल्या, हे मला फार आवडलं. ताटलीभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळ, मग अर्धी घडी, मग त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग. कोनमापक नाही, कडेला कड जुळली की ६० अंश झाले. जुळली नाही तर उलगडा आणि पुन्हा करा! शेवटी आणखी एक घडी, म्हणजे ३० अंशांची पाचर आणि कागदाचे १२ थर.

कापण्याआधी काय निघेल ते वहीत काढायचं होतं. एका घडीवर छोटा त्रिकोण कापला तर भोकं किती? १२ थर म्हणून बहुतेकांनी १२ म्हटलं. निघाली सहा, कारण घडीवर दोन थर जोडलेले असतात, दोघांत मिळून एकच भोक. मग पाचरीचं टोक. एका घडीशी काटकोन करून छाटलं तर मधोमध षट्कोन, दोन्ही घडींशी सारखा कोन ठेवला तर बारा बाजूंची आकृती. असं का, यावर नात आणि शेजारचा मुलगा चांगलेच भांडले. ताईंनी मधे पडून उत्तर सांगितलं नाही, कागद उलगडून बघा म्हणाल्या.

विज्ञानाला मात्र शेवटची दहा मिनिटं. ‘दोन हिमकण सारखे नसतात’ म्हटलं आणि आवराआवर सुरू. अहो, का नसतात? १९३६ साली जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि दमटपणा बदलला की आकार बदलतो, हे त्यांनी दाखवलं. उणे १५ अंशांच्या आसपास फांद्या फुटतात, उणे ५ला सुया होतात. एवढं सांगितलं असतं तरी पोरांनी कान टवकारले असते.

कागद जाड कार्डाचा होता, १२ थरांत कात्री अडत होती. कंदिलाला लावतो तो पतंगाचा कागद द्यायला हवा होता. कात्र्याही बोथट, घरची घेऊन जा. सात वर्षांखालच्यांना नेऊ नका. पाचापैकी चार, आणि ते चारही घड्यांना.