ऑरोराची ॲक्टिव्हिटी स्ट्रीम हाताने जोडली: मार्चअखेर आणि गणपती पार पडल्यावरचा अनुभव

आमचं काम बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पतसंस्थांचं सॉफ्टवेअर चालवण्याचं. डेटा ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, ऑरोरा पोस्टग्रेसवर (ॲमेझॉनचीच डेटाबेस सेवा). एका संस्थेच्या ऑडिटर साहेबांनी विचारलं, "तुमचाच माणूस रात्री सभासदाचं खातं उघडून बघत असेल तर आम्हाला कळणार कसं?" डेटाबेसचा नेहमीचा लॉग दाखवला, तर म्हणाले, हा लॉग ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याबद्दलच तर विचारतोय. बिनतोड होतं ते. तेव्हापासून डेटाबेस ॲक्टिव्हिटी स्ट्रीम, म्हणजे डेटाबेसमध्ये कोणी काय केलं याच्या नोंदी लगोलग बाहेर पाठवणारी ऑरोराची सोय, चालू आहे.

स्ट्रीम सुरू करायला वेळ लागत नाही. स्वतःची केएमएस की (ॲमेझॉनच्या सेवेत ठेवलेली, नोंदी कूटबद्ध करायची किल्ली) द्यायची, मोड निवडायचा, मग ॲमेझॉन आपणहून किनेसिस स्ट्रीम (नोंदी वाहून नेणारा प्रवाह) तयार करतं. सिंक मोडमध्ये नोंद पक्की होईपर्यंत सेशन थांबून राहतं. मार्चअखेरीला काउंटरवर रांग असताना ते परवडत नाही, म्हणून आम्ही असिंक, म्हणजे नोंदीसाठी न थांबणारा, घेतला. खरी कसरत पुढे, मॉनिटरिंग टूलला (या नोंदी वाचून अलर्ट देणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडताना. टूलमध्ये सगळं आपोआप शोधून जोडायची सोय होती, पण त्यासाठी अख्ख्या अकाउंटवर परवानग्या मागत होतं. त्याच अकाउंटात अनेक संस्थांचे डेटाबेस असताना ते कोण देणार? म्हणून हाताने.

हाताने म्हणजे रीजन, स्ट्रीमचं नाव, एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता), पोर्ट, कन्झ्युमरचं (स्ट्रीम वाचणाऱ्या प्रोग्रामचं) नाव आणि क्लस्टरचा (आपल्या ऑरोरा डेटाबेसचा) रिसोर्स आयडी भरायचा. हा आयडी म्हणजे आपण क्लस्टरला दिलेलं नाव नव्हे. नोंदी कूटबद्ध येतात आणि केएमएसकडून उघडून घेताना हाच आयडी सोबत द्यावा लागतो. तो चुकला तर स्ट्रीम वाचली जाते, पण आतलं काही उघडत नाही. परवानग्यांमध्ये किनेसिस आणि केएमएस सगळ्यांना आठवतात, डायनॅमोडीबी (ॲमेझॉनचा आणखी एक डेटाबेस) राहून जातं. आपण कुठवर वाचलं याची खूण कन्झ्युमर तिथल्या टेबलात ठेवतो आणि त्या टेबलाला कन्झ्युमरचंच नाव असतं. त्यामुळे टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या कलेक्टरला (टूलच्या नोंदी गोळा करणाऱ्या भागाला) कन्झ्युमर म्हणून एकच नाव दिलं, तर दोघे शार्ड (स्ट्रीमचे तुकडे) आपसात वाटून घेतात आणि पूर्ण चित्र कोणाकडेच राहत नाही.

जोडून झालं की लगेच वेळ तपासा. नोंदींवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असते. 'रात्री ९ ते सकाळी ६' असा नियम टूलने यूटीसीतच धरला, तर आपल्याकडे तो पहाटे २:३० ते सकाळी ११:३० लागू होतो. म्हणजे संस्था उघडल्यावरची सगळी गर्दी संशयित आणि रात्री ११ ला डेटाबेसमध्ये शिरलेला माणूस मोकळा. टूलमध्ये टाइमझोन बदलायची जागा तिसऱ्या मेनूत दडलेली आहे, का ते देव जाणे.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो मजकुराने. स्ट्रीममध्ये क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) जशीच्या तशी येते, आत भरलेल्या माहितीसकट. सभासदांची मराठी, कन्नड नावं, मोबाइल, सगळं. लक्ष दिलं नाही तर ऑडिटसाठी आणलेलं टूलच आधार नंबरांचं दुसरं गोदाम होऊन बसतं. सलग १२ आकडे झाकायचा नियम पुरत नाही, कारण क्लार्क मंडळी 'शेरा' रकान्यात नंबर कार्डावरच्यासारखा चार-चारच्या गटात टाइप करतात. मधल्या जागा धरूनच नियम लिहा.

साठवणुकीचंही बघा. किनेसिसमध्ये नोंदी मुळात २४ तासच राहतात. गणपतीत ऑफिस बंद आणि कलेक्टर झोपला, तर तेवढा काळ कायमचा गेला. मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते. आम्ही ७ दिवस ठेवली आहे, जादा पैसे लागतात ते लागोत. सोबत क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची देखरेखीची सेवा) इटरेटर एजवर, म्हणजे वाचन किती मागे आहे त्या आकड्यावर, अलार्म लावला, तो वाढला की फोन वाजतो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे असतात, ती जबाबदारी मात्र टूलच्या साठवणुकीवर टाकली. आणि स्नॅपशॉटमधून (डेटाबेसच्या जतन केलेल्या प्रतीतून) क्लस्टर उभा केला तर त्याला नवा रिसोर्स आयडी मिळतो, स्ट्रीमचं नावही वेगळं. रिस्टोअर केल्यावर जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. आमच्या रिस्टोअरच्या कागदावर आता ती ओळ ठळक अक्षरात आहे.

एवढं करून मिळतं काय? आमच्या डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला) ऑरोरावर सगळे अधिकार आहेत, पण स्ट्रीम थांबवायचा किंवा की वापरायचा नाही. हे आयएएममध्ये (ॲमेझॉनची परवानग्या ठरवायची सोय) वेगळं ठेवलं नाही, तर बाकीचा खटाटोप फुकट. ऑडिटर साहेबांना हवं होतं ते नेमकं इथे आहे, आणि एवढ्यासाठी मी हे पुन्हा करेन. पण रोज सकाळी अलर्ट वाचणारा माणूस नसेल तर घेऊ नका.

स्ट्रीमचे वेगळे पैसे पडत नाहीत, किनेसिसचे पडतात. आणि टी-वर्गाच्या छोट्या इन्स्टन्सवर (भाड्याच्या सर्व्हरवर) हे चालतच नाही, टेस्टसाठीसुद्धा मोठा इन्स्टन्स घ्यावा लागतो. तेवढी ऐपत नसलेल्या संस्थांना आम्ही पीजीऑडिट (पोस्टग्रेसमध्येच ऑडिट लॉग लिहिणारी जोड) लावून लॉग क्लाउडवॉचला पाठवायला सांगतो.