बेटावर साहेब कोण हवा: दोन वर्षांसाठी दिल्लीहून आलेला, की तिथेच मुरलेला?

अंदमान-निकोबारच्या वरिष्ठ पदांचा आराखडा करायला बसलं की पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, अ‍ॅगमुट केडरचा, म्हणजे अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या सामायिक संवर्गातला, आयएएस आणा. दुसरा म्हणतो, इथल्याच सेवेत वाढलेल्याला वर घ्या. निवृत्तीआधी अशी एक यादी मलाही करावी लागली होती. (लक्षद्वीपचं गणित निराळं. तिथे वस्तीची बेटं दहा आणि जिल्हा एकच.)

बाहेरून येणाऱ्याची जमेची बाजू खरंच भक्कम आहे. अंदमानला विधानसभा नाही, पैसा केंद्राकडून येतो. त्यामुळे दिल्लीत फोन कुणाला लावायचा हे माहीत असलेला माणूस लागतोच. शिवाय त्याचा मेहुणा गावात ठेकेदार नसतो. लहान जागी ही गोष्ट साधी नाही. स्थानिक अधिकाऱ्याला लग्नाकार्यात ज्यांच्या पंगतीला बसायचं, त्यांचीच बिलं अडवायची असतात.

मला नडलं ते वेगळंच. दक्षिणेकडच्या एका बेटावर जेट्टीच्या दुरुस्तीची फाइल होती. पाच वर्षांत तिने चार साहेब पाहिले, त्यातले दोघे नुसते अतिरिक्त कार्यभारवाले. समासात चार वेगवेगळ्या शायांत एकच शेरा: ‘प्लीज स्पीक’, म्हणजे समक्ष येऊन बोला. प्रत्येक शेऱ्याला तिकडच्या जेईने (कनिष्ठ अभियंत्याने) मिळेल त्या जहाजाने पोर्ट ब्लेअर गाठायचं (आता श्री विजयपुरम, पण तेव्हा पोर्ट ब्लेअरच) आणि तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची. पुढे तिथेच घडलेला एक असिस्टंट कमिशनर आला. फाइल न उघडताच म्हणाला, “उत्तरेकडचा खांब ना? वाऱ्याच्या दिवसांत त्या बाजूला बोट लागतच नाही. आधी पायऱ्या करून घ्या.”

दोष माणसांचा नव्हता, त्यातले दोघे तर माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. पण बदल्यांचे आदेश निघतात उन्हाळ्यात आणि पाऊस देशात सगळ्यात आधी, मे महिन्यातच, अंदमानात उतरतो. साहेब रुजू होतो तो खवळलेल्या समुद्राबरोबर. बांधकामाला कोरडे महिने लागतात, आणि दोन वर्षांत असे हंगाम मिळतात दोनच: पहिला समजून घेण्यात जातो, दुसऱ्यात पुढच्या पोस्टिंगची चौकशी सुरू झालेली असते.

म्हणून मी वित्त आणि अगदी वरची पदं बाहेरच्यांसाठी ठेवली. बेटांवर प्रत्यक्ष बसायची पदं, शक्य तिथे, तिथल्या माणसांना दिली. माझा अनुभव एका कोपऱ्याचा, तुमचा वेगळा असू शकेल. एक फट मात्र माझ्याही यादीत राहिली. स्थानिक माणूस बढतीने दानिक्समध्ये, म्हणजे दिल्ली, अंदमान आणि इतर काही केंद्रशासित प्रदेशांच्या सामायिक नागरी सेवेत, गेला की त्याची बदली दिल्लीलाही होऊ शकते.

बाहेरचाच माणूस घ्यायचा ठरला, तर निदान रुजू होण्याची तारीख पावसाळा सरल्यावरची मागून घ्या. आणि जुन्या साहेबाला पंधरा दिवस थांबवून घ्या, जेट्टी दाखवायला.