परक्याचा आणि गरिबाचा वाटा : एका बायबल अभ्यासवर्गाविषयी

पुण्यातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, काळात परका, अनाथ आणि विधवा यांच्याविषयी बायबल काय सांगते, या विषयावर साप्ताहिक अभ्यासवर्ग चालवला. प्रवेश विनामूल्य होता, ख्रिस्ती नसलेल्यांनाही अगत्याने बोलावले होते, आणि प्रत्येक सत्राला एक छापील टिपण मिळत असे. दयेवरची बहुतेक प्रवचने ऐकणाऱ्याच्या मनाला पाझर फोडून थांबतात. या वर्गाने मात्र आरंभच शेत, कर्ज आणि मजुरी यांच्यापासून केला, आणि त्यामुळे तो मला फार मोलाचा वाटला.

पहिल्या सत्रात बायबलच्या जुन्या करारातील लेवीय आणि अनुवाद या नियमशास्त्राच्या ग्रंथांतले अनुक्रमे १९ वा आणि २४ वा हे अध्याय एकापाठोपाठ वाचले गेले. कापणी करताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत विळा न्यायचा नाही, खाली पडलेला सरवा उचलायचा नाही, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचे नाही, जैतुनाचे झाड एकदा झोडपले की पुन्हा फांद्या धुंडाळायच्या नाहीत, आणि द्राक्षमळ्यात मागे राहिलेले घड तसेच राहू द्यायचे, कारण ते सारे परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे आहे. हे सत्र घेणारे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) शेतकरी कुटुंबातले असून भुईमुगाच्या वावरात सरवा वेचणाऱ्या बाया त्यांनी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यामुळे धनी खळ्यावर उभा राहून पदरात टाकतो ते दान आणि वेचणारी स्वतःच्या कष्टाने गोळा करते तो तिचा वाटा, यांतला फरक त्यांनी नेमका उलगडून दाखवला. अनुवाद २४ मधील कर्जाचे नियम तर मी इतक्या लक्षपूर्वक कधी वाचलेच नव्हते : सावकाराने तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेरच थांबावे, गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल तर ते रात्रीपूर्वी परत करावे, आणि मजूर परका असला तरी त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी त्याच्या हाती पडावी. या सर्वांमागे एकच कारण पुन्हा पुन्हा दिले आहे, ते म्हणजे तुम्हीही मिसर देशात (इजिप्तमध्ये) दास होता. देणाऱ्याच्या मोठेपणापेक्षा घेणाऱ्याची अब्रू राखण्याची ही काळजी वर्गाने सर्वप्रथम पुढे आणली, हे त्याचे सर्वांत मोठे यश आहे.

रूथच्या ग्रंथावरील सत्र मला सगळ्यांत सरस वाटले. अनुवाद २३ मध्ये मवाबी, म्हणजे इस्राएलच्या शेजारच्या मवाब देशातल्या, लोकांना परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव केला आहे, आणि त्याचे एक कारण असे दिले आहे की मिसरातून बाहेर पडलेल्या इस्राएल लोकांना ते वाटेत अन्नपाणी घेऊन सामोरे आले नाहीत. शिक्षिकेने हे वचन आधी वाचले आणि मगच रूथकडे वळल्या, त्यामुळे परिचित कथेला वेगळाच अर्थ आला. ज्या मवाबाने भाकर आणि पाणी नाकारले, त्याच मवाबाची एक निराधार विधवा बेथलेहेमात सातूच्या शेतात येते, तेव्हा शेताचा मालक बवाज तिला गड्यांनी भरून ठेवलेल्या पाण्यातून प्यायला सांगतो, जेवणाच्या वेळी आपल्या माणसांत बसवून भाकर आणि हुरडा देतो, आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही ताटे ओढून तिच्यासाठी टाका, पण तिला धमकावू नका, असे गड्यांना बजावतो. कायद्याने सांगितलेल्यापेक्षा तो पुष्कळ अधिक देतो, पण ते असे देतो की रूथने स्वतः वेचूनच मिळवले असे व्हावे. संध्याकाळी तिने झोडलेले सातू एफाभर, म्हणजे सुमारे वीस लिटर भरले. हीच परकी स्त्री पुढे दावीद राजाची पणजी झाली.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याला मात्र या वर्गाने न्याय दिला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. लुटल्या गेलेल्या जखमी वाटसरूला शोमरोनी, म्हणजे यहुद्यांशी वैर असलेल्या शेजारच्या समाजातला एक माणूस, मदत करून उतारशाळेत नेतो, अशी ही येशूने सांगितलेली गोष्ट. जखमी वाटसरूला मदत करावी, एवढ्यावरच ते सत्र संपले. यहूदी आणि शोमरोनी यांच्यातील वैर, गरिज्जीम डोंगरावरील शोमरोन्यांचे मंदिर यहूदी राज्यकर्त्याने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केल्याचा इतिहास, यांचा उल्लेखही झाला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लूकने आपल्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) हा दाखला दहाव्या अध्यायात घातला आहे, आणि नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला थारा नाकारल्यावर आकाशातून अग्नी पडून त्यांचा नाश व्हावा, असे येशूचे शिष्य याकोब आणि योहान म्हणाले होते. स्वतःला दारातून परत पाठवणाऱ्या समाजातलाच माणूस येशूने शेजारी म्हणून उभा केला, ही गोष्ट सांगितल्याशिवाय या दाखल्याची धार कळत नाही. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दिलेले दोन दिनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर अधिक खर्च परतताना देण्याचे वचन. हा हिशेब तरी टिपणात यायला हवा होता.

विधवेच्या दानाचे सत्र ऐकताना मी अधिकच अस्वस्थ झालो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गरीब विधवेची दोन नाणी मंदिराच्या भांडारात पडण्यापूर्वी, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर (यहूदी धर्मशास्त्राच्या शिक्षकांवर) येशूने कडक शब्दांत टीका केली आहे. ती वचने वगळून केवळ तिच्या उदारतेचा गौरव करणे आणि लगेच अर्पणाची थैली फिरवणे मला योग्य वाटले नाही. धान्यवाटपाच्या वेळी पिशव्या घेणाऱ्या लोकांची छायाचित्रे काढली गेली, तेही उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, या मत्तय ६ मधील आज्ञेशी आणि वर्गाच्या पहिल्या सत्राशी विसंगत होते. संयोजकांपुढे ही गोष्ट मांडल्यावर त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, याची नोंद करायलाच हवी.

पंडिता रमाबाईंवर एक छोटा भाग होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावच्या आपल्या मुक्ती या आश्रमात त्यांना केवळ अन्न न देता छपाईसारखी कामे शिकवली. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले. पूर्ण सत्र होण्याइतका ऐवज असलेला हा विषय घाईने आटोपला.

रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्यांनी आणि बायबल प्रथमच वाचू पाहणाऱ्यांनी हा वर्ग पुन्हा भरला तर अवश्य करावा. टिपणांत वचनांचे केवळ क्रमांक आहेत, मजकूर नाही, म्हणून स्वतःचे बायबल बरोबर न्यावे, आणि शोमरोन्याच्या सत्राला जाण्याआधी लूकचे नऊ आणि दहा हे दोन्ही अध्याय घरी सलग वाचून जावेत.