जतन-तंत्रज्ञानासाठी अमेरिकेचे छोटे अनुदान: एक परीक्षण

ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीसाठी पैसे देणाऱ्या योजना पुष्कळ आहेत. पण कोणते रसायन दगडाला अपाय करते, कोणते मोजमाप विश्वासार्ह मानावे आणि जुने लाकूड किती काळ तग धरेल, हे शोधण्यासाठी पैसे देणारी योजना क्वचितच आढळते. अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर प्रिझर्वेशन टेक्नॉलॉजी अँड ट्रेनिंग’ हे केंद्र अशी योजना चालवते. राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यात 1992 मध्ये झालेल्या दुरुस्तीतून ते स्थापन झाले. ते राष्ट्रीय उद्याने व ऐतिहासिक स्थळे सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या अखत्यारीत असून त्याचे कार्यालय लुइझियाना राज्यातील नॅकिटश या लहान गावी आहे. विद्यापीठे, ना-नफा संस्था, मूलनिवासी जमातींची शासने आणि सरकारी विभाग यांना हे केंद्र 1994 पासून संशोधनासाठी अनुदान देत आले आहे.

रकमेच्या बाबतीत मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. अलीकडच्या काही फेऱ्यांत एका प्रकल्पासाठी कमाल मर्यादा 20,000 डॉलर होती. तुलनेसाठी पाहायचे तर, समुद्रातील तेल व वायूच्या भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातून चालणाऱ्या हिस्टॉरिक प्रिझर्वेशन फंडात वर्षाला 15 कोटी डॉलर जमा करण्याची कायदेशीर तरतूद होती. तो निधी मुख्यतः राज्यांच्या व जमातींच्या जतन-कार्यालयांकडे, सर्वेक्षणांकडे आणि प्रत्यक्ष दुरुस्तीकडे जातो. नॅकिटशच्या अनुदानातून छप्पर बदलता येत नाही की भिंत सांधता येत नाही, आणि ही मर्यादा मला योग्य वाटते. एकदा विटा-चुन्याला वाट करून दिली, की प्रयोगशाळेसाठी काही उरत नाही, कारण गळणारे छप्पर नेहमीच अधिक तातडीचे असते.

या योजनेची खरी किंमत कळते ती व्हरमाँट राज्यातील लाकडी खिडक्यांच्या अभ्यासावरून. केंद्राच्या अर्थसाहाय्याने झालेला हा अभ्यास 1996 मध्ये पूर्ण झाला. थंड प्रदेशातील जुन्या घरांच्या खिडक्यांतून किती हवा गळते, हे त्यात पंख्याच्या दाबाने मोजण्यात आले. मूळ खिडकी नीट दुरुस्त करून तिच्यावर बाहेरून चांगली जोडखिडकी बसवली, तर ऊर्जाबचतीत ती नव्या खिडकीच्या इतकी जवळ येते की केवळ बचतीसाठी जुनी खिडकी काढून टाकण्याचे समर्थन करणे अवघड जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. खिडक्या विकणाऱ्या कोणत्याही उत्पादकाला हा प्रश्न विचारण्याचे कारण नव्हते आणि घरमालकाकडे तो सोडवण्याची साधने नव्हती; तो विचारला गेला तो सार्वजनिक पैशामुळे. ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कोणाचीही विक्री वाढणार नाही, पण हजारो वास्तूंचे मूळ साहित्य वाचू शकेल, त्याच्यासाठीच असे अनुदान असावे.

अनुदानापलीकडे केंद्र स्वतःही चाचण्या करते. राष्ट्रीय दफनभूमींतील सरकारी संगमरवरी स्मृतिशिलांवरील शेवाळ आणि दगडफूल काढण्यासाठी त्याने निरनिराळी स्वच्छता-द्रव्ये ताडून पाहिली. ब्लीचने दगड तत्काळ पांढरा दिसत असला, तरी त्यातून मागे राहणारे क्षार पुढे दगडाचा पृष्ठभाग फोडतात. ही गोष्ट आज अमेरिकेतील दफनभूमींची निगा राखणाऱ्या कित्येक स्वयंसेवकांनाही ठाऊक आहे, आणि तिच्या प्रसारात या केंद्राच्या मोफत मार्गदर्शनाचा मोठा वाटा आहे.

योजनेची दुबळी बाजू काळाशी संबंधित आहे. दगडावरचा लेप अथवा लाकडातील भरण टिकते की नाही, हे कळायला अनेक ऋतू जावे लागतात, तर लहान अनुदानाचा हिशेब त्याच्या कितीतरी आधी बंद होतो. दहा वर्षांनी त्याच नमुन्याकडे परत जाऊन मोजमाप घेणाऱ्याला पैसे मिळावेत, अशी वेगळी सोय असायला हवी. लेझर स्कॅनिंगच्या, म्हणजे लेझर किरणांनी वास्तूची त्रिमितीय मोजणी करण्याच्या, प्रकल्पांत ही उणीव अधिक जाणवते. अमेरिकेतील वासर कॉलेजचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी 2010 मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे स्कॅनिंग केले होते. ते मोलाचे ठरले ते 2019 च्या आगीनंतर, टॅलन यांच्या निधनालाही तोवर काही महिने उलटले होते. मोजणीचे पैसे एकदाच लागतात, पण ती माहिती वाचण्याजोगी ठेवण्याचा खर्च दरवर्षी येतो, आणि प्रकल्प संपला की हा भार संस्थेवरच पडतो.

अर्जाची वाट लहान संस्थांना जड जाते. अर्ज ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावरून करावा लागतो, आणि त्याआधी ‘सॅम डॉट गव्ह’वर नोंदणी पूर्ण करावी लागते. तिला काही आठवडे लागू शकतात, शिवाय दरवर्षी तिचे नूतनीकरण करावे लागते. फेरी जाहीर झाल्यावर ही नोंदणी सुरू करणाऱ्या संस्थेच्या हाती प्रस्ताव लिहायला फारसा वेळ उरत नाही, म्हणून ती आधीच करून ठेवावी. निधी अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) वार्षिक मंजुरीवर अवलंबून असल्याने रक्कम आणि अटी त्या वर्षीच्या सूचनेतूनच घ्याव्यात. एकाच वास्तूसाठी महागडे उपकरण हवे असेल, तर इथे अर्ज न करणे बरे. पण आपल्या वास्तूवर सापडणारे उत्तर इतर शंभर ठिकाणी वापरता येईल असे दाखवता येत असेल, तर मी या योजनेची निःसंकोच शिफारस करेन.