आईच्या रियाजाला पिको: आठ महिने वापरल्यानंतर

आईचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा गेल्या दिवाळीत बंद पडला. दुरुस्तीवाल्याने "आतला आयसी आता मिळत नाही" म्हणून तसाच परत दिला. मोबाईलवरचं ॲप तिला नको होतं, कारण सूर लागला की नेमका कुणाचा तरी फोन येतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक रास्पबेरी पाय पिको, म्हणजे प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड, माझ्याकडे धूळ खात पडला होता. म्हटलं, यावरच तंबोरा करू. जानेवारीपासून नौपाड्यातल्या आमच्या घरी तो रोज पहाटे साडेपाचला वाजतोय. त्यामुळे हा अनुभव माझ्यापेक्षा आईचाच जास्त आहे.

बोर्ड बोटभर लांबीचा. २०२१ साली आला तेव्हा २६४ केबी रॅम वाचून मी नाक मुरडलं होतं. पण चार तारा म्हणजे मेमरीत फिरणारे आकड्यांचे चार छोटे पट्टे. आईच्या काळी चार या पट्टीसाठी चारही पट्टे मिळून अडीच केबीसुद्धा लागत नाहीत. मायक्रोपायथन या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत मात्र पहिल्याच दिवशी आवाज तुटक आला. सेकंदाला ४४,१०० वेळा हिशेब करणं त्याच्या आवाक्यातलं नाही. सगळं वेगवान सी भाषेत पुन्हा लिहिलं, दशांश टाळून पूर्णांकांवर भागवलं, प्रोसेसरचा एक कोअर आवाजाला दिला आणि दुसरा नॉब-बटणांना. तेव्हापासून एकदाही अडखळला नाही.

तंबोरा लागला असं मला वाटलं त्या दिवशी आई म्हणाली, "अरे, पंचम हलतोय."

मी ट्यूनर दाखवला. काटा अगदी मधोमध. ती म्हणाली, काट्याचं मला सांगू नकोस, ऐक. ऐकलं तर खरंच, दीडेक सेकंदाला एक मंद हेलकावा येत होता. झालं असं की वारंवारता मी पियानोच्या तक्त्यातून उचलल्या होत्या: षड्ज २०७.६५, खालचा पंचम १५५.५६ हर्ट्झ. तक्त्यातल्या पट्ट्या समान अंतराने वाटलेल्या असतात. शुद्ध पंचम हवा तर षड्जाचे तीन चतुर्थांश, म्हणजे १५५.७४. फरक पाव हर्ट्झचाही नाही. पण पंचमाचा चौथा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या चौपटीचा स्वर) आणि षड्जाचा तिसरा एकाच जागी, ६२२.९६ वर, यायला हवेत. तक्त्याप्रमाणे पंचमाचा ६२२.२५ वर येतो. हेलकावा त्या ०.७ चा.

आकडा सुधारला, कोड चढवला, आईला हाक मारली. हेलकावा तिथेच!

दोन रात्री गेल्या यात. पट्ट्याची लांबी म्हणजे ४४,१०० भागिले वारंवारता. जुन्या पंचमाला ती २८३.४९ येते, नव्याला २८३.१७. माझा कोड दोन्ही वेळा अपूर्णांक छाटून २८३ च धरत होता. म्हणजे मी काहीच बदललं नव्हतं. लांबीचा अपूर्णांक सांभाळणारा तुकडा जोडला आणि पंचम स्थिर झाला. आईने "हं" एवढंच म्हटलं आणि गायला बसली.

मग जवारी, म्हणजे तारेचा झणकार. तार छेडल्याचा आवाज काढायला १९८३ ची कारप्लस-स्ट्राँग पद्धत वापरली आहे. ती सोपी आहे, पण आवाज गिटारसारखा येतो. खऱ्या तंबोऱ्यात तार रुंद घोडीला घासत राहते, खालचा दोरा तिची जागा ठरवतो, म्हणून तो झणकार. मी तारेच्या जोराप्रमाणे पट्ट्याची लांबी किंचित कमी-जास्त होऊ दिली. मिरजेच्या तंबोऱ्याची सर नाही, पण आईच्या भजनी मंडळात "कुठून घेतला?" असं दोघींनी विचारलं.

आता तक्रारी. पिकोला स्वतःचा ऑडिओ आउट नाही, म्हणून पीसीएम५१०२ चा डॅक (आकड्यांचा ध्वनिसंकेत करणारी चिप) लावला. त्याची एससीके पिन ग्राउंडला जोडायची असते. ती मोकळी राहिली म्हणून पहिला अख्खा रविवार मुका गेला. सुराचा नॉब न हलवताही त्याचे आकडे थरथरायचे. जीपीआयओ २३ ही पिन कोडमधून हाय केली की बोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरचा त्रास बराच कमी होतो. उरलेली थरथर कोडने गिळली. पिन ३.३ व्होल्टच्या आहेत. मी घाईत एकीला ५ व्होल्ट दिले आणि तो बोर्ड गेला. चूक माझी, चारशे रुपयेही माझेच.

मंदिरात नेताना पॉवर बँक वापरावी, तर ती अर्ध्या मिनिटात आपोआप बंद. तंबोऱ्याचा हा डबा इतकी कमी वीज खातो की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. शेवटी ४७ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर उगाच तापत ठेवलाय. इंजिनिअर म्हणून लाज वाटते, पण भजन थांबत नाही.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर) जूनपर्यंत निभावलं. ठाण्याचा पाऊस सुरू झाला आणि जम्पर तारांच्या टोकांवर हिरवट थर धरला, नॉब फिरवला की खर्रर्र. सगळं झिरो पीसीबीवर सोल्डर केलं तेव्हा कुठे सुटलो. हे जानेवारीतच करायला हवं होतं. मायक्रो यूएसबीचं तोंडही आता सैल झालंय. ते मला या बोर्डात अगदी आवडत नाही.

आज नव्याने करणाऱ्याने ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला पिको २ घ्यावा. त्यात दशांशाचं हार्डवेअर आहे, माझी पूर्णांकांची कसरत वाचेल. मी बदलणार नाही, चाललेलं आहे.

गेल्या महिन्यात आईने मालकंससाठी पंचमाच्या जागी मध्यम मागितला, ते बटण एका संध्याकाळी झालं. आता मारव्यासाठी निषाद हवाय. मी षड्जाचा १५/१६ ठेवला. आई म्हणते, किंचित चढा कर. किती, ते ती उद्या पहाटे ऐकून सांगणार आहे.