जिथं दर शनिवारी आमच्या ऑफेन्सची चिरफाड होते ते हॉटेल

आधी कामाचं सांगते. अमेरिकेतल्या आयोवा सिटीला लागूनच कोरलव्हिल आहे. तिथं हायवे ६ वर एक जुनं बार-हॉटेल आहे. बैठी इमारत, बाहेर पिकअप ट्रकची रांग, आत अकरा टीव्ही आणि वीस-बावीस टेबलं. नाव लिहीत नाही, कारण मालकिणीनं स्वतःच सांगितलंय की शनिवारी आधीच उभं राहायला जागा नसते, आणखी गर्दी नको. या भागात राहणाऱ्यांना वर्णनावरून कळेल. ज्यांना नाही कळणार त्यांनी मला विचारावं, मी घेऊन जाईन.

सप्टेंबर २०२२ पासून मी आणि माझा नवरा आयोवा विद्यापीठाच्या संघाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅच बघायला इथं जातो. मी विद्यापीठाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते. रस्ता ओलांडला की समोर किनिक स्टेडियम, ६९,२५० माणसांचं. घरच्या मॅचला पहिला क्वार्टर, म्हणजे खेळाचा पहिला पाव भाग, संपला की ते सगळं स्टेडियम मुलांच्या हॉस्पिटलकडे तोंड करून हात हलवतं. २०१७ पासून ही पद्धत आहे. एका शनिवारी माझी ड्यूटी होती आणि मी ते आतल्या बाजूनं, काचेपाशी उभ्या राहिलेल्या पोरांच्या मागून पाहिलं. त्या दिवसापासून मी हॉकआयची, म्हणजे आयोवाच्या संघाची. त्याआधी मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. नाही जमलं तर चौथ्या प्रयत्नाला बॉल लाथेनं लांब उडवून समोरच्याला देऊन टाकायचा, त्याला पंट म्हणतात. पुढं नेणारे ते ऑफेन्स, अडवणारे ते डिफेन्स. आयोवाचा डिफेन्स देशातल्या सर्वांत चांगल्यांपैकी एक. आणि ऑफेन्स? त्याच्यासाठीच तर हे हॉटेल.

खाण्याचं सांगून घेते. इथला पोर्क टेंडरलॉइन सँडविच ही आयोवाची खासियत. मांसाचा तुकडा कुटून भाकरीएवढा पसरवतात, वरून चुरा लावून तळतात आणि इवल्याशा बनमध्ये ठेवतात. चारी बाजूंनी चार-चार बोटं बाहेर येतो. इथला कुरकुरीत असतो, तेल गळत नाही, आतून कोरडा पडत नाही. १४ डॉलरला फ्राइजसकट दोघांना पुरतो. चीज कर्ड्स गरम असताना खा, तोडले की तार निघते. पाच मिनिटं वादात गेली तर चामडं होतं, मी अनुभवानं सांगते. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत आहे. सॅलड, फ्राइज, कर्ड्स, संपलं. तिखट म्हणून जे लाल सॉस देतात ते आंबट आहे. आम्ही घरून ठेच्याची छोटी बाटली नेतो आणि वेट्रेसनं कधी हरकत घेतलेली नाही, उलट आता तीच थोडा मागते. गेल्या नोव्हेंबरमध्ये आमच्या कार्डावर एकच बिल दोनदा लागलं, पैसे परत यायला दोन आठवडे आणि तीन फोन लागले. ते मला आवडलं नाही. गर्दीच्या दिवशी बिल हातात घेऊन नीट बघा.

आता मुद्द्यावर येते.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस ३ सप्टेंबर २०२२. साउथ डकोटा स्टेटशी मॅच. आयोवा ७–३ नं जिंकलं. मला वाटलं, सात म्हणजे एक टचडाउन (बॉल समोरच्याच्या गोलच्या हद्दीत नेला की सहा) आणि वरचा एक पॉइंट. शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, नाही, नीट बघ. एक फील्ड गोल, म्हणजे बॉल लाथेनं खांबांच्या मधून मारला, त्याचे तीन. आणि दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलच्या हद्दीत पाडलं, त्याचे दोन-दोन. टचडाउन एकही नाही. सातातले चार पॉइंट डिफेन्सनं केले होते. अख्ख्या हॉटेलात जिंकल्याचा एक आवाज झाला आणि लगेच, बिलं यायच्या आतच, भांडण सुरू झालं.

ते भांडण ऐकून मला कोल्हापूरची मिरजकर तिकटी आठवली. मी मंगळवार पेठेतली. पप्पा मला लहानपणी शाहू स्टेडियमवर न्यायचे. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची, आपल्याकडच्या फुटबॉलची, मॅच असली की त्या दिवशी पेठेत दुसरा विषय नसायचा. मॅच दीड तासाची आणि चर्चा रात्री अकरापर्यंत. फॉरवर्डला बॉल का मिळाला नाही, हाफ कुठं उभा होता, कुणाला बसवायला पाहिजे होतं. अमेरिकेत येऊन इतक्या वर्षांनी तोच सूर कानावर पडला. आपल्या माणसांवर रागावायचा हक्क आपलाच, हा सूर. म्हणून मी दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेले.

शेजारचे आजोबा हायस्कूलला तीस वर्षं कोच होते. त्यांच्या टेबलावर कलोनाकडचा एक मक्याचा शेतकरी बसतो आणि आकडेवारी शिकणारी विद्यापीठातली एक मुलगी. हे तिघे म्हणजे या हॉटेलची खरी सर्व्हिस, असं माझं मत आहे.

शेतकऱ्याचं म्हणणं सोपं. जिंकतोय ना, मग रडता कशाला? त्याच्या हातात पुरावाही आहे. २०२३ ला नियमित सीझनमध्ये बारापैकी दहा मॅच जिंकल्या आणि आयोवा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या बिग टेनचा तेव्हाचा वेस्ट विभागही. मुलगी मोबाइल पुढं सरकवते. २०२२ ला एकूण यार्डांमध्ये १३१ संघांत १३० वा नंबर. २०२३ ला १३३ संघांत १३३ वा. पेन स्टेटकडून ३१–० नं हरलो त्या रात्री अख्ख्या मॅचमध्ये ७६ यार्ड. यावर शेतकरी दुखापती मोजतो, आणि त्याचंही खोटं नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्स चालवणारा आणि बॉल फेकणारा, केड मॅकनमारा मिशिगन स्टेटच्या मॅचमध्ये गुडघ्यानं गेला, ल्यूक लॅची गेला, एरिक ऑल गेला. इतके मोहरे पडल्यावर कोण काय करणार?

आजोबा सगळ्यात शेवटी बोलतात. मी एकदा त्यांना विचारलं, हे दर वेळी भिंतीत घुसल्यासारखे मधोमध का पळतात? ते काही न बोलता उठले, आजूबाजूच्या टेबलांवरून मिठा-मिरीच्या बाटल्या गोळा केल्या आणि पाच बाटल्या एका ओळीत मांडल्या. ही ऑफेन्सची लाइन. मागं केचपची बाटली, तो क्वार्टरबॅक. त्याच्या मागं मोहरीच्या सॉसची पिवळी बाटली, तो रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा. मग दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांनी पाचही बाटल्या एकदम, एकाच बाजूला, एक-एक पाऊल सरकवल्या. “कुणी एका माणसाला धरायचं नाही. सगळ्यांनी मिळून जागा सरकवायची. पिवळ्यानं थांबून बघायचं, कुठं फट पडते.” फट पडली, पिवळी बाटली त्यातून गेली. पुन्हा मांडलं. या खेपेला चौथी बाटली त्यांनी अर्धं पाऊल उशिरा सरकवली. फट मिटली, पिवळी बाटली मिठाच्या बाटलीवर आपटली आणि थोडं मीठ टेबलावर सांडलं. “आमचं एवढंच होतंय. पाचांतला एक अर्धं पाऊल मागं.”

मग त्यांनी पुढचं दाखवलं, आणि ते कळल्यावर मला हा खेळ कळला. क्वार्टरबॅक पिवळ्याच्या हातात बॉल दिल्याची नुसती हूल देतो. समोरचे त्याला अडवायला पुढं धावतात. त्यांच्या पाठीमागं जागा मोकळी होते आणि तिथं टाइट एंड, म्हणजे अंगानं दांडगा पण बॉल झेलणारा माणूस, उभा असतो. जॉर्ज किटल, टी. जे. हॉकिन्सन, सॅम लापोर्टा हे सगळे इथूनच एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले, ते याच जागेत झेलून. पण पळण्याचीच भीती वाटेनाशी झाली तर हुलीला कोण फसणार? कुणी पुढं धावतच नाही. म्हणजे एका अर्ध्या पावलानं पळणंही गेलं आणि फेकणंही गेलं.

मी हे इतकं सविस्तर लिहितेय, कारण दुसऱ्या कुठल्याही स्पोर्ट्स बारमध्ये मला हे कुणी समजावलेलं नाही. जिथला ऑफेन्स चाळीस पॉइंट करतो तिथं लोक ओरडतात आणि ग्लास उचलतात. इथं दोन वर्षं काही चालत नव्हतं, म्हणून लोकांनी एकेक स्क्रू उघडून बघितला.

भांडणाचा नाजूक भाग म्हणजे बाप आणि मुलगा. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य कोच, आणि ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे डावपेच ठरवणारा, २०१७ ते २०२३ त्यांचा मुलगा ब्रायन. नात्यातल्या नेमणुकीच्या नियमामुळं कागदोपत्री मुलगा वडिलांच्या हाताखाली नव्हता, त्याचा वरिष्ठ विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख, ॲथलेटिक डायरेक्टर. पण मैदानावर कागद कोण बघतो? आपल्याकडं हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पप्पांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “अगं, पोराला खेळवायचं तर बापानं बाहेर बसायला पाहिजे.” हॉटेलात यावर आवाज चढतात, पण त्या माणसांना घालूनपाडून कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. एकदा बाहेरगावचा एकजण मुलाबद्दल वेडंवाकडं बोलला तेव्हा रोज सगळ्यात जास्त टीका करणारे आजोबाच त्याला म्हणाले की इथं डावपेचांवर बोलतात.

२०२३ च्या फेब्रुवारीत ब्रायनचा करार बदलला. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि अट अशी की संघानं मॅचला सरासरी २५ पॉइंट करायचे आणि सात मॅच जिंकायच्या. तेरा मॅचचे ३२५. मालकिणीनं काउंटरमागं पांढरा फळा लावला. वर ३२५, खाली चालू बेरीज. तीन मॅचनंतर ८५ होते, सगळे खुशीत. चौथी मॅच पेन स्टेटची. रविवारी फळ्यावर ८५ च.

२१ ऑक्टोबरची मिनेसोटाची मॅच मी विसरणार नाही. हाफला आपण १०–३ नं पुढं. दुसऱ्या हाफमध्ये एकही पॉइंट नाही. त्यांनी एकेक फील्ड गोल करत १२–१० केलं. दीड मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा आपल्या कूपर डीजीननं त्यांचा पंट उचलला आणि साइडलाइनवरून थेट टचडाउन. टेबलावरचे ग्लास पडले, मला अनोळखी बाईनं मिठी मारली. मग पंचांनी व्हिडिओ बघून सांगितलं की बॉल उचलण्याआधी त्यानं डावा हात हलवला होता, ती बॉल पकडून थांबण्याची खूण धरली जाते, टचडाउन रद्द. १९९९ नंतर पहिल्यांदा मिनेसोटा किनिकवर जिंकलं. हॉटेलभर पंचांच्या नावानं बोटं मोडणं सुरू झालं. आजोबा फळ्याकडं बघत होते. आठ मॅचचे १५६. “दुसऱ्या हाफमध्ये आपण तीन पॉइंट केले असते,” ते म्हणाले, “तर त्या पोराच्या हाताकडं कुणी बघितलं नसतं.” मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. नऊ दिवसांनी विद्यापीठानं जाहीर केलं की सीझननंतर ब्रायन नसेल. मालकिणीनं फळा पुसला नाही, सीझन संपेपर्यंत बेरीज लिहीत राहिली. २१६ वर थांबली. मिशिगनविरुद्ध बिग टेनच्या फायनलला शून्य, नंतर टेनेसीविरुद्ध सिट्रस बोलला, म्हणजे सीझनच्या शेवटच्या मॅचला, शून्य.

मला राग ऑफेन्सचा नाही, डिफेन्सचं जे वाया गेलं त्याचा आहे. डिफेन्सचा कोच फिल पार्करनं घडवलेली ती पोरं थकून बाहेर यायची, पाणी पिऊन होतंय न होतंय तोवर पुन्हा आत. पंट मारणारा टोरी टेलर, मेलबर्नचा, त्या एका सीझनमध्ये ९३ पंट आणि ४,४७९ यार्ड, १९३८ चा विक्रम मोडला. तो मैदानात आला की इथं लोक खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायचे, आणि मनापासून. पण विक्रम मोडायला इतके पंट लागले, ही गोष्ट मला टाळी वाजवताना बोचायची. असा डिफेन्स पुन्हा पुन्हा मिळत नाही. मधल्या नंबरचा ऑफेन्स असता तरी तो संघ फार पुढं गेला असता, असं मला आजही वाटतं, आणि शेतकरीदादांना हे मी तोंडावर सांगितलंय.

२०२४ ला ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आला, रनिंग बॅक केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड पळाला, २१ टचडाउन. पाच बाटल्या एकदम सरकायला लागल्या. हॉटेल सुनं पडेल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. आता वाद पासिंगचा, म्हणजे बॉल फेकण्याचा आहे, ते अजून लंगडतंय. फळ्यावर मालकीण त्या दिवसाचं सूप लिहिते.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या मॅचला साडेनऊला पोचा. आयोवाची मॅच असताना फक्त तिचाच आवाज लावतात, बाकीचे टीव्ही मुके, हे मला फार आवडतं. पोरं चालतात, आरडाओरडा त्यांना चालणार असेल तर. खिडकीकडची टेबलं घेऊ नका, दुपारी ऊन थेट स्क्रीनवर येतं. मागच्या भिंतीला लागून आजोबांचं टेबल, त्याच्या शेजारचं मागा. प्रत्येक टेबलावर मिठाची एकच बाटली असते, त्यामुळं येता-येताच आणखी चार घेऊन बसा.